पहिली-दुसरीचा कलेचा शनिवार: जुन्या नाशकातल्या एका शाळेच्या नोंदी, २०२४-२५

१५ जून २०२४

शाळा आज उघडली. पहिली आणि दुसरी मिळून चाळीसच्या आसपास मुलं, एक लांबट वर्गखोली, बाहेर व्हरांडा आणि व्हरांड्याच्या टोकाला एकच नळ. शनिवारी सकाळची शाळा असते. मधल्या सुट्टीनंतरच्या दोन तासिका जोडून कलाकामासाठी मिळाल्या आहेत. कागदावर ७० मिनिटं दिसतात, पण मांडामांड, हात धुण्याची रांग आणि आवराआवर वजा केली की कामाला ४५ मिनिटं उरतात. पुढची सगळी कामं या ४५ मिनिटांत बसवलेली आहेत.

अट एकच धरली आहे: काम मुलाने सुरू करायचं आणि संपवायचंही मुलानेच. जे काम शेवटी बाईंच्या किंवा आईच्या हातून पुरं होतं, ते सहा-सात वर्षांच्या मुलाचं काम नव्हे. ते मग कितीही देखणं असो, यादीतून काढायचं.

खरेदी मेनरोडवरून. मोठ्या ड्रॉइंग शीट ५०, म्हणजे ४०० रुपये. एका शीटचे आठ तुकडे होतात. अर्ध्या लिटरच्या पोस्टर रंगाच्या बाटल्या पाच: लाल, पिवळा, निळा, पांढरा, काळा, मिळून ८५०. हिरवा, नारिंगी, जांभळा मुद्दाम घेतले नाहीत. ते मुलांनी करायचे. तैलखडूंच्या दहा पेट्या ६००. बोथट टोकाच्या कात्र्या वीस, ६०० रुपये. शाडू २० किलो, ४०० रुपये. शाडू आत्ताच घेऊन ठेवला, कारण गणपती जवळ आले की भाव चढतो आणि चांगला माल आधी मूर्तीवाल्यांकडे जातो. ब्रश जाड आणि चपटेच घेतले. बारीक ब्रश या वयाच्या मुठीत मावत नाही, मूल तो दाबतं आणि त्याचे केस फिसकटतात.

जुन्या सुती साड्या, रिकाम्या दहीवाट्या आणि वर्तमानपत्राची रद्दी पालकांकडून मागवली. रद्दीचा इतका ढीग आला की मावशींनी अर्धी परत पाठवली.

६ जुलै

फाडकाम. कात्री अजून दोन आठवडे बाहेर काढायची नाही. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत जोर यायला कागद फाडण्यासारखा व्यायाम नाही, आणि त्यात चुकण्यासारखं काही नसतं.

वर्तमानपत्राच्या पट्ट्या फाडायला दिल्या. उभ्या पट्ट्या सरळ येत होत्या, आडव्या वाकड्यातिकड्या. पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, हा इकडून ऐकतो, तिकडून ऐकत नाही." कागद बनताना त्यातले धागे बहुतेक एकाच दिशेला बसतात. त्या दिशेने तो सरळ फाटतो, आडवा धरला की भरकटतो. मी ते सांगत बसले नाही. "कुठून ऐकतो ते शोधा" एवढंच म्हटलं आणि पुढची दहा मिनिटं वर्गात फक्त टरटर आवाज होता. वाकड्या पट्ट्यांची गोदावरी झाली, सरळ पट्ट्यांचे घाट झाले.

खळ घरून करून नेली. एक वाटी मैदा चार वाट्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचा, मग मंद आचेवर सतत ढवळायचं. पांढरा रंग जाऊन पारदर्शक झाक आली की उतरवायचं आणि चिमूटभर तुरटीची पूड घालायची. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात, त्यामुळे ती टिकते आणि झुरळं लागत नाहीत. लहान मुलांच्या खळीत मोरचूद कधीही घालू नये. ते विष आहे आणि या वयाची मुलं बोटं तोंडात घालतातच. बिनमोरचुदाची खळ पावसाळ्यात दोन-तीन दिवसांत आंबते, म्हणून ज्या दिवशी लागेल त्याच दिवशी करायची.

खळ वाटीत दिली तर मुलं वाटीच कागदावर पालथी करतात. कागद भिजून फाटले. मधेच पद्धत बदलली: बाटलीचं एक टोपण भरून खळ, आणि फक्त एक बोट खळीचं. दुसरा हात कोरडाच ठेवायचा, त्याने कागद उचलायचा. दोन मुलांत एक ओलं फडकं. नासधूस थांबली.

२० जुलै

कात्री. पहिल्या दहा मिनिटांत अंगठा वरच्या कडीत, कात्री उभी, कोपर पोटाशी, एवढंच. मग बोटाच्या रुंदीच्या जाड कागदाच्या पट्ट्या, एका झटक्यात एक तुकडा. रेषेवर कापायला अजून बराच अवकाश आहे. घोटीव कागद सुरुवातीला नको. तो पातळ आणि घसरडा असतो, कात्रीच्या पात्यांमध्ये दुमडतो. जुन्या लग्नपत्रिका उत्तम. जाड, करकरीत आणि फुकट.

दोन मुलांचा कागद प्रत्येक वेळी पात्यांत मुडपत होता. दोघं डावखुरी निघाली. साधी कात्री डाव्या हातात धरली की बोटांच्या दाबाने पाती एकमेकांपासून लांब जातात, शिवाय वरचं पातं रेषेला झाकतं. मुलाचा हात चांगला असला तरी ती कापत नाही. एकाची आई न्यायला आली तेव्हा म्हणाली, "त्याला उजव्या हाताची सवय लावा ना बाई." तिला डाव्या हाताची कात्री दाखवायचं कबूल केलं. अशा कात्र्या मोठ्या दुकानात मागून मिळाल्या, ८० रुपयांना एक. मुठीला तांबडी सुतळी गुंडाळली म्हणजे घाईत दुसऱ्या कुणाच्या हाती जाणार नाहीत. पुढच्या शनिवारी त्याच मुलाने आईसमोर पत्रिकेचा गणपती कडेकडेने कापला. आई काही बोलली नाही, पण कापलेला गणपती पर्समध्ये घालून घेऊन गेली.

३ ऑगस्ट

पावसाची झड. मुलांच्या बोलण्यात नदीशिवाय काही नाही. गोदेला पाणी चढलं की ते नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं, हे पंचवटीतलं प्रत्येक मूल हात लावून दाखवतं: गुडघ्याला, कमरेला, छातीला. तोच विषय घेतला.

काम असं: तैलखडूने दाबून चित्र काढायचं, पांढऱ्या तैलखडूने पाऊस काढायचा, मग सगळ्यावरून निळ्या रंगाचं पाणी फिरवायचं. खडूतल्या मेणातेलावर पाणी बसत नाही. कागदावर न दिसणारा पांढरा पाऊस एकदम उठून दिसतो.

पहिल्या चार-पाच कागदांवर पाऊस उठलाच नाही. पोस्टर रंग मुळात झाकणारा असतो, तो दाट असला की खडूवरही बसतो. एक चमचा रंगात मोठी वाटीभर पाणी घालून अगदी फिका केला, तेव्हा जमलं. साध्या मेणखडूंनी काढलेली चित्रंही बुडाली, कारण त्यांचा थर पातळ पडतो. तैलखडू नसून मेणखडूच असतील तर वरून फिरवायला पोस्टर रंगाऐवजी जलरंगाच्या वड्या वापराव्यात, त्या पारदर्शक असतात.

खरी अडचण वाळवण्याची. एवढे ओले कागद, बाहेर पाऊस, आत दमट. व्हरांड्यात सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी लटकवले, तर निळे ओघळ खालच्या चित्रांवर. सुतळी एकाखाली एक न बांधता एकाच उंचीवर दोन बांधल्या आणि चित्रं आडवी वाळवून मगच लटकवली. तेवढ्यात आमच्या तासिका संपल्या होत्या, पुढच्या वर्गाची दहा मिनिटं गेली. आता कोणतंही ओलं काम ठरवताना आधी वाळवायची जागा ठरवते, मग विषय.

एका चित्रात मारुतीचं फक्त एक तोंड पाण्यावर होतं. "दुसरं कुठंय?" विचारलं तर उत्तर आलं, "ते खाली पाणी बघतंय." दुसरं तोंड काढायला सांगणार होते, ते राहू दिलं.

२४ ऑगस्ट

मातीकाम. पालकांच्या ग्रुपवर आग्रह होता गणपतीचा. दुसरीचं ठीक आहे, पहिलीच्या मुलांना गणपती करायला लावला की सोंड, कान, हात, मुकुट एवढे जोड येतात, मूल रडकुंडीला येतं आणि मूर्ती शेवटी मोठी माणसं करतात. दोन सप्टेंबरला पोळा आहे. बैल घेतला.

शाडू आदल्या रात्री भिजवला. पाण्यात माती टाकायची नाही, मातीवर थोडंथोडं पाणी शिंपडून ओल्या बारदानात झाकून ठेवायची. सकाळी मावशींनी आणि मी मिळून मळली. बोटाला चिकटत नाही आणि वाकवल्यावर चीर जात नाही, इथे थांबायचं. एकीच्या वडिलांनी मळ्यातली काळी माती पोतंभर आणून दिली होती. ती मळायला लोण्यासारखी, पण काळी माती वाळताना फार आकसते. नमुन्याचा गोळा दोन दिवसांत तडकून चार ठिकाणी उघडला. कुंभार तिच्यात राख, लीद घालतात ते याचसाठी. मुलांना शाडूच दिला.

पहिल्या फेरीत मुलांनी धड केलं, चार काड्या पाय म्हणून चिकटवल्या, आणि वर्गभर बैल बसले. बारीक पाय ओल्या धडाचं वजन पेलत नाहीत, आणि नुसते टेकवलेले जोड वाळताना सुटतात. सगळ्यांना पुन्हा गोळा करायला लावला. या वेळी जोड नाहीच: एक जाड वळकटी, दोन्ही टोकांना बोटाने चीर द्यायची, चिरलेले भाग खाली वाकवायचे, झाले चार आखूड पाय. मान आणि तोंड त्याच गोळ्यातून चिमटीने वर ओढायचं. शिंगं, वशिंड सगळं ओढूनच. ज्यांना वशिंड वेगळं लावायचंच होतं त्यांना दोन्ही बाजू खराट्याच्या काडीने खरवडून, मध्ये पातळ चिखल लावून दाबायला शिकवलं. पाय आखूड आणि जाड झाले, बैल उभे राहिले. एकदोघांचे बैल हत्तीकडे झुकले होते, त्यांना त्याचं काही वाटलं नाही.

बैल ओल्या फडक्याखाली ठेवून हळूहळू वाळवायचे. दोन दिवस पूर्ण झाकलेले, मग अर्धे उघडे, मग पूर्ण उघडे. पंखा लावायचा नाही. वरचं कवच आधी सुकतं, आतली ओल नंतर आकसते, तिथे भेग पडते.

३१ ऑगस्ट

बहुतेक बैल टिकले. ज्यांचं धड मुठीएवढं जाड होतं ते पोटाखाली तडकले. भेगेत चिखल भरला तर तो पुन्हा सुटतो, कारण नवा चिखल आकसतो आणि जुनी माती आकसून झालेली असते. शाडूची कोरडी पूड आणि खळ कालवून भरली, ती बसली. हे काम दुसरीच्या मुलांनी पहिलीच्या मुलांना करून दिलं. माझ्या अटीत ते बसतं असं मी धरलं.

रंग गेरूचा. जिथे ओल होती तिथे डाग उमटले. पाठीला गाल लावून बघायचं: गार लागला तर आत ओल आहे, थांबायचं. मुलांना ही परीक्षा इतकी आवडली की ती दुपारपर्यंत प्रत्येक वस्तूला गाल लावत होती.

पोळ्याच्या दिवशी घराघरांत हे बैल पुजले गेले, याचे फोटो आले. पुजून झाल्यावर ज्यांना नको असेल त्यांनी परत आणा म्हटलं होतं. न भाजलेला शाडू पाण्यात पुन्हा विरघळतो. आलेले बैल बादलीत गेले, माती पुढच्या कामाला.

२८ सप्टेंबर

ठसेकाम. भेंडी, कांदा, ढोबळी मिरची, कारलं, बटाटा. भेंडी आडवी कापली की पाच पाकळ्यांचं फूल. मुलं घरी भेंडी रोज खातात, पण कापलेल्या भेंडीचा ठसा पाहून वर्गात "ओऽऽ" झालं.

भाजी ताजी कापून लगेच रंगात बुडवली तर ठसा पसरट आणि पाणचट येतो, कारण कापल्या जागी रस असतो. कापून अर्धा तास पालथी फडक्यावर ठेवायची. रंग वाटीत द्यायचा नाही. बशीत स्पंजाचा तुकडा, त्यात दाट रंग, ठसा त्यावर टेकवून कागदावर दाबायचा आणि सरळ उचलायचा, सरकवायचा नाही. कांद्याची वर्तुळं दाबताना सुटी होत होती, तेव्हा देठाकडचा भाग न कापता तोच मूठ म्हणून धरायला दिला.

पालकांपैकी एकांनी द्राक्षाची पानं आणून देऊ का विचारलं. द्राक्षाच्या पानाचा ठसा सुंदर येतो, पण बागेतल्या पानांवर बोर्डो (मोरचूद-चुन्याचं मिश्रण) आणि बाकीच्या फवारण्या असतात, अनेकदा निळसर डागच दिसतात. मुलांच्या हातात ती पानं देऊ नयेत. पिंपळ, पेरू, सीताफळ घेतलं. पिंपळाच्या पानाची मागची बाजू वापरायची, शिरा तिकडे उठावदार असतात.

या दिवशी लाल आणि पिवळा शेजारी सांडून नारिंगी झाला. मला तो शिकवावा लागला नाही.

भाजीचा खर्च १२० रुपये. रंगाने माखलेली भाजी कुणी खायची नाही, म्हणून बाजारातून उतरलेली, थोडी मऊ पडलेली घेतली. वर्षातलं सगळ्यात सुरळीत पार पडलेलं काम हेच.

१९ ऑक्टोबर

आकाशकंदील, आणि हे काम फसलं.

बांबूच्या कामट्यांचा षटकोनी कंदील या वयाचा नव्हे हे ठाऊक होतं, म्हणून कागदाचा सोपा घेतला होता: आयत दुमडायचा, घडीकडून कापत जायचं, उलगडून नळी करायची, खाली झिरमिळ्या. काप घडीच्या बाजूने सुरू करून उघड्या कडेच्या दोन बोटं अलीकडे थांबायचं असतं. ते "अलीकडे थांबणं" सहा वर्षांच्या हाताला जमत नाही. कात्री एकदा सुरू झाली की पार जाते. बऱ्याच जणांच्या हातात कंदिलाऐवजी पट्ट्या आल्या. नळी चिकटवायला तीन हात लागतात. मी आणि मावशी टेबलाटेबलावर धावत होतो आणि तास संपला तेव्हा निम्मे कंदील आमच्या हातचे होते.

उरलेले घरी दिले. सोमवारी परत आले ते ओळखू येईनात: जरीच्या कडा, टिकल्या, गरम गोंदाने चिकटवलेली फुलं. एका आईने प्रेमाने सांगितलं, "अहो बाई, त्याचं फारच वाकडं दिसत होतं, मी जरा नीट करून आणलं." तिने रात्री जागून केलं होतं, तिला काय बोलणार? पण तिचा मुलगा स्वतःच्या बाकावरचा तो कंदील दाखवताना "आईने केला" असं म्हणत होता. मला वर्षभरात सगळ्यात जास्त लागलं ते हे वाक्य.

दोन बदल केले. एक, कोणतंही अर्धं काम घरी जाणार नाही. पुढच्या शनिवारपर्यंत खोक्यात राहील. दोन, पालकसभेत मुलांची जुलैमधली आणि आत्ताची कापलेली कड शेजारीशेजारी ठेवून दाखवली आणि विनंती केली: "ताई, दादा, वाकडं आलं तर वाकडंच राहू द्या. तो हात पुढच्या महिन्यात आपोआप सरळ होतो, पण त्याला वाकडं करायला मिळालं तरच."

कंदिलासाठी नवा आराखडा २६ ऑक्टोबरला केला. पट्ट्या आधी सुट्या कापायच्या, जेवढ्या येतील तेवढ्या. मग त्या कागदी पेल्याच्या वरच्या आणि खालच्या कडेला फुगवून चिकटवायच्या. पट्टी लहानमोठी झाली तर फुगवटा लहानमोठा होतो, बिघडत काही नाही. एकाच तासात सगळे झाले, आणि व्हरांड्यात टांगले तेव्हा एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

१४ डिसेंबर

कांद्याच्या सालींचा रंग. नाशिक जिल्ह्यात साली विकत घ्याव्या लागत नाहीत. भाजीवाल्यांकडे पोतं भरून पडलेली असतात. मोठ्या पातेल्यात साली बुडतील इतकं पाणी, अर्धा तास उकळ, गाळून गार. हे घरून करून नेलं, मुलांजवळ गॅस नको. एका वाटीत तसाच, दुसरीत तुरटी घालून, तिसरीत गंजलेल्या खिळ्यांचं पाणी घालून. तुरटीने सोनेरी पिवळा उजळतो, लोखंडाने हिरवट-काळपट होतो. एकाच पातेल्यातून तीन रंग निघतात हे मुलांना पटेना, म्हणून तुरटी आणि खिळ्यांचं पाणी त्यांच्यासमोर घातलं.

हळदीचंही केलं. हळदीच्या पाण्याने कागद रंगवून वाळवला, त्यावर खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने चित्र काढलं. सोडा लागला तिथे तांबूस रेष उमटते, लिंबू लावलं की पुन्हा पिवळी. हळदीत चुना घालून कुंकू करतात ते याच गुणावर. चुना जास्त गडद लाल देतो, पण डोळ्यात गेला तर इजा होते. मुलांजवळ सोडाच.

कांद्याच्या तीनही रंगांच्या पट्ट्या आणि हळदीची व बिटाची एकेक पट्टी खिडकीच्या काचेवर लावली, अर्धी पुठ्ठ्याने झाकून. रोज एक मूल बघून सांगतं. बिटाचा उघडा भाग आठवड्यात उडाला. हळद त्यानंतर फिकी पडली. कांद्याचा रंग अजून तसाच आहे. टिकवायचं चित्र असेल तर कांदा. बीट फक्त त्या दिवसापुरतं.

४ जानेवारी २०२५

कोळशाची चित्रं. चित्रकारांचा उत्तम कोळसा द्राक्षवेलीच्या काड्यांचा करतात. मग नाशकात तो दुकानातून का आणायचा, असं बरेच दिवस डोक्यात होतं. ऑक्टोबर छाटणीच्या वेळी एका पालकांनी दिंडोरीकडच्या बागेतून काड्यांची मोळी आणून दिली होती. ती वापरली नाही. बागेतल्या काड्यांवर बोर्डो आणि बाकीच्या फवारण्या बसलेल्या असतात. अशा काड्या जाळू नयेत आणि मुलांच्या बोटांना लावूही नयेत. एका आजींच्या परसात मांडवावर घरापुरता वेल आहे, त्याला कधीच फवारणी नाही. त्याच्या काड्या घेतल्या.

पेन्सिलीच्या जाडीच्या, चार बोटं लांब. साल सोलून महिनाभर सुकवल्या. घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठासून भरल्या, झाकणाला खिळ्याने एक भोक, डबा चुलीच्या निखाऱ्यात. आधी पांढरी वाफ, मग पिवळसर धूर. धूर थांबला की काम झालं, साधारण तासाभरात. डबा रात्रभर तसाच ठेवायचा. पहिला डबा कोमट असताना उघडला गेला, आत हवा शिरली आणि वरच्या काड्या डोळ्यांदेखत राख झाल्या. दुसरा सकाळी उघडला, मोडला तर खणखणीत वाजणाऱ्या काळ्याभोर काड्या.

"घराजवळचं काहीतरी काळं काढा" एवढंच सांगितलं. काळाराम मंदिर आलं, म्हशी आल्या, तवा, कावळे, टायरच्या दुकानातली चळत, आणि एकीने रात्र काढली. मुलं दाबतात, काड्या मोडतात. मोडका तुकडा आडवा धरून घासायला दाखवला, तेव्हा मंदिराच्या दगडाला जो पोत आला तो अखंड काडीने आला नसता. कोळसा झडतो, म्हणून प्रत्येक चित्रावर बटर पेपर. हात, नाक, गणवेश सगळं काळं झालं. शनिवार होता, दुसऱ्या दिवशी धुवायला वेळ होता. हे काम मधल्या वारी घेऊ नये.

१ फेब्रुवारी

वारली. बाजारात वारलीची तयार आखणी छापलेले कागद मिळतात, मुलांनी फक्त भरायचं. ते घेतले नाहीत.

दुसरीतल्या एका मुलीचं घर मूळचं पेठ तालुक्यातलं. तिची आजी नातीला पोचवायला येते. तिला विनंती केली, ती येऊन बसली. तांदूळ भिजवून वाटायचे, नुसतं पीठ पाण्यात कालवलं तर खाली बसतं, हे तिने पहिल्यांदा सांगितलं. मी नुसतं पीठच कालवून नेलं होतं, आणि ते खरंच दर दोन मिनिटांनी ढवळावं लागत होतं. वाळल्यावर ते झडूही लागलं, मग बाभळीचा डिंक भिजवून घातला. खाकी कागद गेरूच्या पाण्याने सुरकुतला. खोक्यांच्या पुठ्ठ्यावर गेरू छान बसला. ब्रशऐवजी बांबूची काडी टोकाशी ठेचून दिली.

माणसाचं अंग म्हणजे दोन त्रिकोण टोकाला टोक लावून, डमरूसारखं. मुलं त्रिकोण इतके मोठे काढत होती की एका पुठ्ठ्यावर एकच माणूस मावत होता. आजीने समजावलं नाही. तिने आधी तारपा वाजवणारा काढला, मग त्याच्याभोवती हातात हात धरलेली माणसं काढत गेली. मुलं बघत राहिली. नाचायला माणसं पुष्कळ लागतात हे त्यांच्या आपोआप लक्षात आलं आणि माणसं लहान झाली. खोडरबर मागणाऱ्याला ती म्हणाली, "राहू दे, त्याचा पाय वाकडा हाय तर तो तसाच नाचंल."

ही चित्रं पूर्वी लग्नघराच्या भिंतीवर बायका काढत. कागदावर ती जगभर पोचली जिव्या सोमा म्हशे यांच्यामुळे, त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. एवढं मी सांगितलं. पण वर्गाने ऐकलं ते आजीचं. तिला मानधन द्यायला शाळेकडे तरतूद नव्हती, आम्ही शिक्षकांनी वर्गणी काढून साडी दिली. पुढच्या वर्षी हा खर्च आधीच धरला पाहिजे. जिच्याकडून कला शिकायची तिला रिकाम्या हाताने पाठवणं बरोबर नाही.

२२ मार्च

बुधवारी रंगपंचमी झाली. जुन्या नाशकातल्या मुलांना रंगपंचमी म्हणजे रहाड: जमिनीतला दगडी हौद, वर्षातून एकदाच उघडतात, रंग तयार करून पूजा करतात आणि मग त्यात धप्पकन उडी. विषय निवडायचा प्रश्नच नव्हता.

रंग पळसाचा. फुलं फेब्रुवारीअखेरीस जमवून सावलीत वाळवली होती. रात्रभर भिजवून सकाळी उकळली, केशरी-पिवळा रंग निघाला. नुसता तो कागदावर फिका दिसतो. एकावर एक तीन हात द्यावे लागतात, प्रत्येक हात वाळू देऊन. मार्चचं ऊन होतं, मिनिटभरात वाळत होतं. ऑगस्टमध्ये ज्या व्हरांड्यात कागद सुकत नव्हते तिथेच.

चाळीसेक मुलांत प्रत्येकाने उडीचा वेगळा क्षण पकडला. कुणी हवेतला माणूस, कुणी फक्त वर उडालेला रंग, एकाने रहाडीच्या तळातून वर बघताना दिसणारे पाय. जूनमध्ये हाच मुलगा "मला चित्र येत नाही" म्हणून कागद उलटा ठेवायचा. डाव्या कात्रीवाल्याने रंगाचे थेंब घोटीव कागदातून कापून चिकटवले, रेषेवर.

घरी काहीही गेलं नाही, सगळं वर्गातच पुरं झालं. प्रत्येकाने मागे स्वतःचं नाव स्वतः लिहिलं. दोघांचं आरशातल्यासारखं उलटं लिहिलं गेलं आहे, तसंच ठेवलं आहे.

वर्षाचा खर्च साडेचार हजारांच्या आत. सगळ्यात जास्त संपला पांढरा रंग, सगळ्यात कमी काळा. पुढच्या जूनमध्ये पांढऱ्याच्या दोन बाटल्या घेणार, काळ्याची नको, आजींच्या वेलाचा कोळसा कुटून खळीत कालवला की चालतो. कात्र्यांपैकी तीन खिळखिळ्या झाल्या, त्यांचे स्क्रू आवळून घ्यायचे आहेत. शाडू निम्म्याहून जास्त परत मिळाला. तो झाकणाच्या बादलीत ओला ठेवला आहे. उन्हाळ्यात वाळू नये म्हणून दर पंधरवड्याला पाणी शिंपडायचं काम मावशींनी घेतलं आहे.